घरापुढची खुर्ची

घर विकायला काढलं की सगळ्यात आधी घरमालकाला घराबाहेर काढतात, हे त्रेचाळीस वर्षं घरमालक असूनही मला माहीत नव्हतं.

"रविवारी एक ते चार ओपन हाउस ठेवू," आमची एजंट शेरिल म्हणाली. "कोपऱ्यावर पाटी लावू. लोक येतील, खोल्या बघतील, कपाटं उघडतील, नळ सोडून बघतील. तुम्ही दोघं तेवढा वेळ बाहेर जा."

"कुठे?"

"कुठेही. सिनेमाला जा, मुलीकडे जा."

"आणि मी एका कोपऱ्यात गप्प बसून राहिलो तर?"

"मिस्टर व्रोबेल," शेरिल म्हणाली, "तुम्हाला गप्प बसलेलं मी अजून पाहिलेलं नाही."

ओळख चार दिवसांची, आणि ही भाषा! पिट्सबर्गच्या चढउतारांवर मी छत्तीस वर्षं बस चालवली, पंचवीस वर्षं एकही अपघात नाही, त्याची पितळी पाटी दिवाणखान्यात लावलेली. शेरिलने पहिल्यांदा तीच पाटी उतरवली. मग आमचे सगळे फोटो उतरवले. लग्नाचा, लेक रोझलीच्या बाप्तिस्म्याचा, बायको जेनीच्या आईचा, सगळे. म्हणे, घेणाऱ्याला या घरात स्वतःचं कुटुंब दिसलं पाहिजे, तुमचं नव्हे. माझी आरामखुर्ची तिने शेजारच्या बर्नीच्या गॅरेजमध्ये पाठवली आणि जेवणाच्या टेबलावर एक वाडगा भरून हिरवी सफरचंदं आणून ठेवली. ती खायची नव्हती. ती नुसती असायची होती. मी एक खाल्लं, तर दुसऱ्या दिवशी तिने येऊन ती मोजली.

हे सगळं मी का सहन केलं? तर जेनीच्या उजव्या गुडघ्यासाठी. आमचं घर टेकडीच्या उतारावर आहे. रस्त्यापासून दारापर्यंत बावीस पायऱ्या, आत वरच्या मजल्याला चौदा, आणि न्हाणीघर वरच. दुसरा संडास तळघरात, तिकडे आणखी अकरा. हिवाळ्यापासून जेनी जिना बसून उतरते. एक पायरी, थांबायचं, दुसरी पायरी. वर स्वतःच हसते, "एमिल, बघ, मी रोझलीच्या धाकट्या पोरीसारखी झाले." मीही हसतो, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगीच नळ सोडून उभा राहतो. डॉक्टरांनी सांगितलंय, शस्त्रक्रिया करू, पण नंतर जिना बंद. रोझलीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक छोटं एकमजली घर आम्ही पाहून ठेवलं होतं. त्या घरात एकही पायरी नाही, मी मोजून खात्री केली. मालकीण भली बाई. म्हणाली, जूनअखेरपर्यंत तुमच्यासाठी थांबते, त्यापुढे मला जमणार नाही. म्हणजे आमच्या हातात तीन रविवार होते.

गल्लीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. बर्नी आमच्या उजव्या अंगाला राहते, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून ती आख्ख्या गल्लीला नवऱ्यासारखं रागावते. तिने सेंट जोसेफची वीतभर मूर्ती आणून दिली. "अंगणात डोकं खाली करून पुर. घर आठ दिवसांत जातं. माझ्या बहिणीचं गेलं." समोरच्या घरातला चेस्टर, माझा बसडेपोतला जुना जोडीदार, म्हणाला, "मूर्ती राहू दे, आधी ते तळघरातलं प्रकरण झाक."

तळघरातलं प्रकरण म्हणजे आमचा खालचा संडास. तळघराच्या बरोब्बर मधोमध आहे. भिंत नाही, दार नाही, पडदा नाही. आमच्या भागातल्या सगळ्या जुन्या घरांत असाच असतो. पोलादाच्या कारखान्यातून काळाकुट्ट होऊन आलेला माणूस मागच्या दाराने थेट खाली यायचा, तिथेच सगळं उरकायचा, तिथेच अंग धुवायचा आणि मग माणूस म्हणून वर जायचा. माझे वडील असेच वर यायचे. शेरिल नदीपलीकडची, तिकडे घरं नवी. तिने हा पहिल्यांदा पाहिला तेव्हा दोन पायऱ्या मागे चढली.

"हे काय आहे?"

"संडास."

"ते दिसतंय हो. असा उघड्यावर का आहे?"

"त्याला काय झाकायचंय? तो काही करत नाहीये."

तिने हुकूम सोडला, काढून टाका नाहीतर भिंत घाला. मी नगरपालिकेत गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, भिंत घालायची तर ती खोली होते. खोली झाली की हवेला खिडकी लागते. खिडकी काढायची तर पाया फोडायला इंजिनिअरचा दाखला लागतो. मग काढूनच टाकतो, म्हटलं. तर त्याला दुसरा अर्ज आणि दोन महिने. "राहू दिला तर?" मी विचारलं. "राहू दिला तर काहीच नको," तो म्हणाला. शेवटी शेरिलने त्याच्यासमोर एक घडीचा पडदा आणि एक मोठं नेच्याचं झाड ठेवलं. आता आमच्या तळघरात झाडामागे कोणीतरी लपलंय असं वाटायला लागलं.

आता पहिला रविवार. त्या दिवशी मी जे केलं, ते मी चांगल्या मनाने केलं, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्याकडे रस्त्यावर गाडीची जागा धरायची तर तिथे घरातली एक जुनी खुर्ची ठेवायची. कायद्यात हे कुठे लिहिलेलं नाही. पण ज्याने बर्फ उपसून जागा मोकळी केली, त्याची ती जागा, आणि खुर्ची म्हणजे त्याचा शब्द. पाठ रस्त्याकडे, तोंड घराकडे, अशी ठेवायची. दुसऱ्याची खुर्ची हलवणं म्हणजे त्याच्या घरात शिरून त्याच्या ताटातलं उचलण्यासारखं. खून पचवलेली माणसं आमच्या भागात असतील, पण खुर्ची हलवलेला माणूस आमच्या आठवणीत नाही. माझी खुर्ची आमच्या लग्नातल्या जेवणाच्या सेटातली, स्टीलचे पाय, लाल बैठक, मधे एक चीर, तिच्यावर चिकटपट्टी. सगळी गल्ली तिला ओळखते.

तर मी विचार केला, गिऱ्हाइकं येणार, त्यांना गाडी लावायला जागा नको? सकाळी आठलाच मी घरासमोरच्या तिन्ही जागा धरल्या. एक माझी लाल खुर्ची, एक बर्नीची, एक चेस्टरची अंगणातली घडीची. एकदम झकास ओळ दिसत होती. मग जेनीला हाताला धरून बावीस पायऱ्या उतरवलं, त्याला पंधरा मिनिटं लागली, आणि आम्ही चेस्टरच्या ओसरीवर जाऊन बसलो. समोरून आमचं घर सबंध दिसत होतं. चेस्टरने दुर्बीणही काढली.

एक वाजून पाच मिनिटांनी पहिली गाडी आली. हळू झाली. आतल्या जोडप्याने घराकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं, आणि गाडी पुढे गेली. पाच मिनिटांनी तीच गाडी परत आली, परत हळू झाली, परत गेली. मग निळी गाडी. मग एक मोठी, मागे लहान मुलांच्या सीटा असलेली. ती तर तीनदा फिरली.

"बघ," मी चेस्टरला म्हणालो, "एकाने तरी खुर्चीला हात लावला?"

"हात लावायचं नाव नको. चांगल्या घरची माणसं आहेत."

"अशाच माणसांना घर द्यायचं," जेनी म्हणाली.

चार वाजेपर्यंत आम्ही अकरा गाड्या मोजल्या. अकराच्या अकरा गाड्या खुर्च्यांचा मान राखून निघून गेल्या. आम्हाला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! चेस्टरने त्यावर बिअर उघडली.

चार वाजता शेरिल पायऱ्या उतरून आली. "दोन माणसं," ती म्हणाली. "तीन तासांत दोन माणसं. एक तुमची शेजारीण बर्नी, तिने सगळी कपाटं उघडून पाहिली. दुसरा टपालवाला." मग तिची नजर रस्त्यावर गेली. "या खुर्च्या कोणी ठेवल्या?"

"मी. गिऱ्हाइकांसाठी जागा धरली होती."

"मग गिऱ्हाइकांनी काय करायचं होतं?"

मी तोंड उघडलं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तो चेस्टरच्याही डोक्यात पडला असावा, कारण त्याने दुर्बीण हळूच पाठीमागे ठेवली. जेनीने नुसतं घराकडे आणि त्या बावीस पायऱ्यांकडे पाहिलं. तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या रविवारी खुर्च्या उचलल्या. पण मधल्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे शेरिल बर्नीसमोर बोलून गेली की ओपन हाउसला घरात ताज्या कुकीजचा वास असावा, लोकांना घर आपलं वाटतं. आता आमच्याकडे लग्नात नवरदेव उशिरा आला तरी चालतं, कुकीजचं टेबल वेळेवर लागावं लागतं, आणि ते सगळ्या आयाबायांनी मिळून भरायचं असतं. बर्नीने गल्लीतल्या बायकांना फोन केले. दुसरी गोष्ट, शुक्रवारी नगरपालिकेचा माणूस आला. आमच्या गावात घर विकण्याआधी छपराचं पाणी कुठे जातं ते तपासून घ्यावं लागतं. त्याने पन्हळीत हिरवा रंग ओतला, वर पाणी सोडलं, रस्त्यावरचं झाकण उघडून आत पाहिलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"पास का नापास?" मी विचारलं.

"पत्र येईल. दहा कामकाजाचे दिवस."

"पण तुम्हाला आत्ता दिसलं ना?"

"मला दिसलं. तुम्हाला पत्र येईल."

रविवारी एक वाजता आमच्या जेवणाच्या टेबलावर बत्तीस प्रकारच्या कुकीज होत्या. बदामाच्या, जर्दाळूच्या, अक्रोड भरलेल्या, साखरेत घोळवलेल्या. शेरिलची सफरचंदं फ्रिजवर गेली. या खेपेला मी जेनीला रोझलीकडे नेलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं चेस्टरकडून कळलं. लोक आले, चांगले साठसत्तर आले. चर्चमधून थेट आले. त्यांतले घर घेणारे किती आणि कुकीजवाले किती, हे कोणालाच सांगता येईना. दिवाणखान्यात उभं राहायला जागा नाही. कोणी तरी अॅकॉर्डियन आणलं. एक नवरा-बायको खरोखरच घर बघायला आले होते, त्यांच्या हातात बर्नीने ताटली दिली आणि विचारलं, "मुलीकडचे का मुलाकडचे?"

आणि दोन वाजता पाऊस आला. धो-धो आला. पन्हळीत अजून रंग होताच. छपराचं पाणी, जे रस्त्याखालच्या वेगळ्या नळात जायला हवं, ते बहुधा घर बांधल्यापासून संडासाच्याच नळात जात होतं. तो नळ तुंबला, आणि तळघरातल्या जाळीतून पाणी वर आलं. हिरवंगार. त्याच वेळी शेरिल त्या नवरा-बायकोला तळघर दाखवत होती. पडदा पडला, नेचं तरंगलं, आणि हिरव्या तळ्याच्या मधोमध आमचा संडास उघडा झाला.

"ती बाई किंचाळली का?" मी चेस्टरला विचारलं.

"बाई नाही. नवरा."

सोमवारी सकाळी मी पुन्हा नगरपालिकेच्या खिडकीपाशी. म्हटलं, नळ चुकीचा जोडलाय, दुरुस्त करतो, परवानगी द्या. माणूस म्हणाला, "नापास झाल्याचं पत्र जोडा."

"पत्र अजून आलेलं नाही."

"मग तुम्ही अजून नापास नाही आहात."

"अहो, माझ्या तळघरात हिरवं पाणी आहे!"

"ते असेल. पण नापास झाल्याशिवाय दुरुस्तीची परवानगी देता येत नाही."

"मग मी पास आहे असं लिहून द्या."

"पास कसं लिहू? तुमच्या तळघरात हिरवं पाणी आहे."

छत्तीस वर्षांत बसमध्ये दारुडे चढले, भांडखोर चढले, एकदा एक माणूस बकरी घेऊन चढला, पण माझा आवाज कधी चढला नव्हता. त्या दिवशी चढला. शेवटी मागच्या खोलीतून एक बाई आली, तिने मला ओळखलं, ती सहावीत असल्यापासून माझ्याच बसने शाळेत जायची. तिने तातडीच्या कामाचा कुठला तरी वेगळा कागद शोधून काढला. बुधवारी मिस्त्री आला, गुरुवारी नळ वेगळा झाला, शुक्रवारी पुन्हा तपासणी होऊन दाखला हातात पडला. एवढं करून घरी आलो तर जेनी मधल्या पायरीवर बसलेली. वर जायचं होतं, सहा पायऱ्या चढली होती, पुढे जाववेना, खाली उतरवेना. किती वेळ बसली होती, विचारलं तरी सांगेना.

"एमिल," ती म्हणाली, "हा रविवार नीट जाऊ दे. मला आता खरंच होत नाही रे."

तिसरा रविवार. घर स्वच्छ, कुकीज एकच ताटली, बर्नीला तिच्या बहिणीकडे पाठवलेलं. शेरिलने मला शपथ घातली, रस्त्यावर काहीही ठेवायचं नाही. पण परत आल्यावर जेनीला लांबून चालवत आणायचं का? मी फक्त एकच खुर्ची ठेवली. माझी, लाल, माझ्या स्वतःच्या जागेवर. बाकी सगळा रस्ता गिऱ्हाइकांना मोकळा. यात कोणाला काय चूक काढायची ती काढा.

चर्चनंतर रोझलीकडे जेवलो, जेनीचा गुडघा दुखायला लागला, म्हणून तीनलाच परत आलो. आणि पाहतो तर काय, माझ्या जागेवर एक पांढरी व्हॅन. वर शिड्या बांधलेल्या, नंबर अॅरिझोनाचा. आणि माझी खुर्ची फुटपाथवर. भिंतीकडे तोंड करून!

सांगतो, माझ्या अंगाची लाही लाही झाली. बाकीच्या जागा एव्हाना गल्लीतल्याच गाड्यांनी भरल्या होत्या. गाडी वरच्या चौकात लावून जेनीला चालवत आणावं लागलं, दर चार पावलांना थांबत. ती मला सांगत होती, जाऊ दे एमिल, जाऊ दे. तेवढ्यात आमच्याच पायऱ्यांवरून चाळिशीची एक बाई उतरली. आखूड केस, पँटवर रंगाचे डाग, हातात व्हॅनची किल्ली.

"ही खुर्ची तुम्ही हलवली?"

"हो," ती हसून म्हणाली. "रस्त्यात कोणी टाकली होती. गाडीखाली आली असती."

"टाकली होती? टाकली होती? बाई, ती ठेवली होती! त्रेचाळीस वर्षं ती तिथे आहे. हिमवादळात कोणी हात लावला नाही, पोलिसांनी हात लावला नाही, बर्नीच्या नवऱ्याची शववाहिका पुढे जाऊन थांबली पण तिला हात लावला नाही! आणि तुम्ही वाळवंटातून उठून येता आणि माझ्या बायकोला या गुडघ्यावर..."

आणखीही बरंच बोललो. सगळं आठवत नाही, चेस्टरला आठवतं. ती बाई आधी गोंधळली, मग लाल झाली, मग "माफ करा" म्हणाली आणि व्हॅन घेऊन गेली. मी खुर्ची उचलून जागेवर ठेवली. पाठ रस्त्याकडे, तोंड घराकडे. मग शेरिल बाहेर आली. तिचा चेहरा पांढराफटक.

"तिला घर आवडलं होतं," ती म्हणाली. "दीड तास होती आत. सोमवारी कागद करायचे म्हणाली होती. आज दुसरं कोणीही आलेलं नाही."

मी माझ्या खुर्चीवर बसलो.

जेनीने मला घरात नेलं. मी तिला नव्हे, तिने मला. ओपन हाउसच्या वहीत आलेल्या माणसाचं नाव आणि फोन लिहून घेतात. वहीत एकच नाव होतं, मारिसेला इबारा. जेनीने नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"काय बोलू?"

"रस्त्यात जे बोललास त्याच्या उलटं."

मी माफी मागितली. माझ्यासारख्या माणसाला ते किती जड जातं हे ज्याचं त्याला माहीत. पलीकडून तिने विचारलं, "पण ती खुर्ची तिथे होती कशासाठी?" मी सांगितलं. बर्फापासून सांगितलं. वडिलांच्या खुर्चीपासून सांगितलं. वीस मिनिटं बोललो. मधेच ती हसायला लागली, तेव्हा मला आधी राग आला आणि मग हायसं वाटलं.

"म्हणजे मी ती ठेवली, तर तिथे कोणीच गाडी लावणार नाही?"

"कोणाची छाती आहे!"

"माझ्या व्हॅनमध्ये रोज रंगाचे डबे असतात," ती म्हणाली. "लांब लावून वाहून आणणं मला जमणार नव्हतं. बाकी घर मला हवंच होतं. तुमच्या खालच्या संडासासाठी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी घरं रंगवते हो. संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत रंग असतो. आजवर जिथे राहिले तिथे तसंच गालिच्यावरून वर जावं लागलं. तुमच्याकडे मागच्या दाराने थेट खाली. कोणीतरी डोकं वापरून घर बांधलंय. फक्त ते झाड आणि पडदा कशाला ठेवलाय ते कळलं नाही."

मला तिला मिठी मारावीशी वाटली. मी तसं बोललोही. जेनी म्हणाली, "एमिल, एजंटला बोलू दे."

जूनच्या पंचवीस तारखेला सह्या झाल्या. सह्या करून झाल्यावर मी लाल खुर्ची गाडीतून काढून मारिसेलाच्या हातात दिली, आणि कशी ठेवायची ते दोनदा करून दाखवलं. शेरिलने त्याची नोंद कुठेही केली नाही. माझ्या मते घर खरं तिथे दिलं गेलं.

अठ्ठावीस तारखेला सामानाचा ट्रक सकाळीच पुढे गेला. जेनीला रिकाम्या स्वयंपाकघरात थोडा वेळ बसायचं होतं, म्हणून मी पेट्रोल भरायला आणि तिच्या गुडघ्यासाठी बर्फ आणायला गेलो. वीस मिनिटांत परत आलो, तर आमच्या घरासमोर लाल खुर्ची. मारिसेला किल्ली घ्यायला आली होती.

आता काय करायचं? माझी बायको वर, गुडघ्याला बर्फ हवा, आणि समोर खुर्ची. माझीच, पण आता माझी नव्हे. मी हॉर्न वाजवला नाही. खाली उतरलो नाही. दोन गल्ल्या वर जाऊन गाडी लावली आणि बर्फाची पिशवी घेऊन उन्हातून चालत आलो, स्वतःलाच शिव्या घालत.

येऊन पाहतो तर जेनी खाली. मारिसेलाने एका बाजूने आणि बर्नीने दुसऱ्या बाजूने धरून तिला बावीस पायऱ्या उतरवलं होतं आणि रस्त्यावर त्या लाल खुर्चीवर बसवलं होतं. बर्नी रुमालाने डोळे पुसत होती आणि उन्हाला दोष देत होती.

"गाडी कुठे आहे?" मारिसेलाने विचारलं.

"वर. दोन गल्ल्या सोडून. तुमची खुर्ची होती इथे."

"अहो, ती तुमच्यासाठीच ठेवली होती! तुमची जागा दुसऱ्या कोणी घेऊ नये म्हणून!"

समोरच्या ओसरीवर चेस्टर इतका हसला की त्याला ठसका लागला. मी तसाच उलटा चढ चढून गेलो, गाडी घेऊन खाली आलो आणि जेनीच्या पुढ्यात थांबलो. ती हलली नाही.

"दिसत नाही का?" ती म्हणाली. "जागा धरलेली आहे."

"कोणासाठी बाई?"

"माझ्या नवऱ्यासाठी. त्रेचाळीस वर्षं धरून बसलेय."

मी उतरलो. तिला हात दिला, गाडीत बसवलं, गुडघ्यावर बर्फ ठेवला. मग खुर्चीपाशी आलो आणि हात पुढे केला. पण हात काही तिला लावता येईना. मी मारिसेलाकडे वळलो. "हलवू का?"

"आज तेवढी हलवा," ती म्हणाली.

मी ती उचलून फुटपाथवर ठेवली आणि गाडी काढली. कोपऱ्यावर आरशात पाहिलं, तर तिने खुर्ची परत जागेवर ठेवली होती. तोंड रस्त्याकडे, पाठ घराकडे. साफ उलटी! मी ब्रेकवर पाय ठेवला. दोनदा करून दाखवलं होतं हो मी.

जेनीने माझ्या हातावर हात ठेवला. "एमिल," ती म्हणाली, "तिचं घर आहे. चल."